फुकटच्या जागेवरचा पत्ता

आमच्या घराला पत्ता नाही, हे मला कॉलेजचा फॉर्म भरताना कळलं. 'कायमचा पत्ता' असा एक रकाना होता. रांगेतल्या बाकीच्या मुली त्यात गल्ली, मंदिर, शेजारचं दुकान असं भराभर लिहीत होत्या आणि मी पेन धरून उभी. आम्ही तेव्हा गारखेड्याच्या पुढं, एका अर्ध्या उभ्या राहिलेल्या इमारतीच्या आवारात पत्र्याच्या खोलीत राहत होतो. इमारत पुरी झाली की तिथून उठायचं होतं. त्याआधी चिकलठाण्याकडं होतो, त्याच्याआधी आणखी कुठं. आबा, म्हणजे माझे वडील, बांधकामांवर राखणदार होते. मुळात आम्ही पिशोरचे मेंढरंवाले. लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला, माळ खरवडून काढल्यासारखा झाला, तेव्हा आबांनी मेंढरं विकली आणि चौघं शहरात आलो. आबा, माय, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा हरी आणि मी. ठेकेदारांना धनगर राखणदार आवडायचा. उघड्यावर राहायची सवय, झोप सावध, आणि मोजायची खोड. आबा रोज संध्याकाळी सिमेंटच्या गोण्या मोजायचे, एकेकीला हात लावून, मेंढरं मोजावीत तशा. फॉर्मवर मी शेवटी पिशोर लिहिलं. तिथं आमचं काहीही उरलं नव्हतं.

त्या खोल्यांची मला आता एकमेकींपासून वेगळी आठवण येत नाही. सगळ्यांना तोच पत्रा, तीच तीन विटांची चूल, दाराशी तोच वाळूचा ढीग. सकाळी टँकरचा भोंगा वाजला की माय भाकरी तव्यावर टाकूनच पळायची, कारण नव्या स्लॅबवर गोणपाट अंथरून त्याला पाणी मारायचं काम तिच्याकडं होतं. पिशोरहून कुणी आलं की ते दृश्य बघत उभं राहायचं. तिकडं माणसं हंडाभर पाण्यासाठी रानोमाळ फिरत होती, आणि इकडं माय सिमेंटला पाणी पाजत होती. तिला त्याचं काय वाटायचं ते तिनं कधी सांगितलं नाही. ती पाइप धरून उभी असायची, तोंडावर काही नाही. तो चेहरा पुढं माझ्याकडं आला. रात्रीला हुलग्याचं माडगं आणि भाकरी, कधी येसराची आमटी. हरीला माडगं आवडायचं नाही. तो म्हणायचा, "माय, हे पिऊन पिऊन मी हुलगा झालो."

जागा सोडायचा दिवस आला की आबा एक काम न चुकता करायचे. सामान टेंपोत चढलं की आवाराच्या तोंडाशी तीन दगड मांडायचे. दोन शेजारी शेजारी, आणि तिसरा थोडा पुढं, ज्या दिशेला आम्ही चाललो त्या अंगाला. माळावर मेंढरांचा वाडा, म्हणजे मुक्काम, हलवताना असंच करायचे. एखादा गडी चुकार मेंढराच्या मागं गेलेला असेल, तो परत आल्यावर त्याला कळावं म्हणून. शहरात आमच्या मागं कुणी राहिलेलं नसायचं, तरी आबा दगड मांडायचे, आणि हरी आणि मी टेंपोतून एकमेकांकडं बघून हसायचो.

हरी बारावीला अडकला होता. अभ्यासात त्याचं डोकं चालत नव्हतं असं नाही, पण ते सरळ चालत नव्हतं. गुलमंडीत एका कापडाच्या दुकानाच्या वर शफीभाईंचं सायबर कॅफे होतं, पाच यंत्रं आणि मध्ये प्लायवूडचे आडोसे. जिना चढताना खालच्या नव्या कापडाचा वास यायचा आणि वर गेलं की फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडताना होणारी ती किरकिर ऐकू यायची. माझ्या कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या वर्गाला सराव हवा म्हणून मी जायची. एकदा हरी सोबत आला आणि नंतर माझ्यापेक्षा तोच जास्त जायला लागला. शफीभाईंची यंत्रं अडली की तो नीट करून द्यायचा, त्या बदल्यात आम्हाला बसायला मिळायचं.

तिथंच आम्हाला ती फुकटची जागा सापडली. परदेशातली एक कंपनी होती, ती कुणालाही इंटरनेटवर आपलं पान उघडायला जागा द्यायची, दमडी न घेता. आपलं पान म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगूनही कळत नाही. ती कंपनी भारी हुशार होती. तिनं त्या जागेचे मोहल्ले पाडले होते. गाण्यांचा मोहल्ला वेगळा, खेळांचा वेगळा, शेतीवाडीचा वेगळा, आणि प्रत्येक पानाला घराला असतो तसा नंबर. हरीनं शेतीवाडीच्या मोहल्ल्यात एक रिकामा नंबर धरला आणि खुर्चीतून उठून ओरडला, "ताई, प्लॉट भेटला गं! सातबारा नाय, तलाठी नाय, काय नाय!"

शफीभाई गल्ल्यावरून म्हणाले, "अरे आहिस्ता बोल. नीचेवाला सेठ किराया मांगेगा."

त्या वर्षी सगळं कॅफे तिथं राहायला गेलं होतं. शफीभाईंनी स्वतःच्या दुकानाचं पान केलं. एका बांगडीवाल्यानं केलं. कॉलेजातली पोरं गुलाबाची फुलं आणि लुकलुकणाऱ्या चांदण्या लावायची. आमच्या पानाला हिरवा रंग होता, वर चालणारी अक्षरं होती, आणि मध्ये एक फोटो. पिशोरला असताना एका पाहुण्यानं काढलेला, हरीच्या खांद्यावर कोकरू आणि मागं सगळा कळप. मराठी अक्षरं तेव्हा दुसऱ्या यंत्रावर चौकोन होऊन दिसायची, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. आमचं गाव पिशोर, आमची मेंढरं इतकी होती, आता नाहीत. तळाशी एक आकडा. पान कुणी उघडलं की तो एकानं वाढायचा. मोजण्यातच वाढलेली पोरं आम्ही, आम्हाला सगळ्यात जास्त तोच आवडला.

फोटोचीच गोष्ट सांगायची आहे. इतकी वर्षं मी ती टाळत आले.

एका रविवारी आबा आणि माय पिशोरला मयतीला गेले होते. कामाला सुट्टी, साइटवर कुणी नाही, राखणीला हरी. आबा निघताना त्याला तीनदा सांगून गेले. दुपारी मी हरीला म्हटलं, पानावरचा फोटो फुटका दिसतोय, चल, नीट करू आणि तासाभरात येऊ. तो नको म्हणाला. मी म्हटलं, भर दुपारी कोण येतंय. माझ्या वर्गातल्या दोन मुली दुसऱ्या दिवशी ते पान बघणार होत्या, मला त्यात मिरवायचं होतं. एवढंच कारण होतं. आम्ही गेलो. एक फोटो चढायला त्या काळी पाऊण तास लागायचा, आणि अर्ध्यावर तार तुटली की पुन्हा पहिल्यापासून. तार दोनदा तुटली. शफीभाईंनी चहा पाजला. फोटो शेवटी चढला, हरी खांद्यावर कोकरू घेऊन स्वच्छ दिसायला लागला. आम्ही परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि हौदावरची पाण्याची मोटर जागेवर नव्हती. नटबोल्ट काढून, पाइप कापून, नीट उचलून नेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आणि माय परतले, आणि पाठोपाठ ठेकेदार आला. सगळे मजूर गोळा झाले. आबा हौदाशी उभे होते, हातात टोपी. ठेकेदार फार ओरडला नाही. तो फक्त हसला आणि म्हणाला, "धनगराची राखण म्हणं." आबांनी हरीकडं पाहिलं.

"कुठं होता तू?"

हरी म्हणाला, "झोप लागली, आबा."

मी चुलीपाशी होते. दहा पावलांवर. मला बोलायला कुणी अडवलं नव्हतं.

आबांनी त्याला सगळ्यांसमोर मारलं. एकच, पण कानाखाली. "माझ्या राखणीत आजवर एक कोकरू गेलं नाय," ते म्हणाले. "दुपारचा झोपतो? मला तोंड दावू नको तुझं." हरीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुढं खूप वर्षं स्वतःला सांगत राहिले. आता तेही सांगत नाही. तो खोलीत गेला, त्याची कॉलेजची पिशवी घेतली आणि गेटातून बाहेर पडला. माय पाइप टाकून त्याच्या मागं रस्त्यापर्यंत गेली. आम्हाला वाटलं, येईल संध्याकाळपर्यंत. त्या संध्याकाळी आबांनी गोण्या मोजल्या नाहीत.

तो आला नाही. आबांनी त्याचं नाव घेणं बंद केलं आणि आमच्यावरही तशी बंदी आली, न सांगता. वाळूजच्या कंपन्यांत बघून झालं, खुलताबादला मावशीकडं बघून झालं. तीनेक महिन्यांनी मी गुलमंडीत गेले, तर शफीभाईंनी मला थांबवलं.

"तेरे भाई का फोन आया था, इधर दुकान पे."

"कुठून?"

"मैं पूछा कां है, तो बोल्या नई. बोल्या, आपा को बोलो पन्ने पे पता डालते रहना. बस, इत्ताच. फिर काट दिया."

त्या दिवसापासून ते पान माझं काम झालं. पता डालते रहना. इमारत पुरी झाली, आम्ही हललो, की आठवड्याच्या आत मी नवा पत्ता टाकायची. पाण्याच्या टाकीच्या मागं, पिवळ्या गेटची साइट. मुकुंदवाडीच्या रेल्वे फाटकापासून उजवीकडं, तिसरं बांधकाम. शहर चारी अंगांनी फुगत होतं आणि आम्ही त्याच्या कडेकडेनं पुढं सरकत होतो. आबा गेटाशी दगड मांडायचे, मी पानावर पत्ता मांडायची. दर सोमवारी मी पान उघडून तळाचा आकडा बघायची, माझी एक भेट वजा करायची, आणि तरी एक उरायची. दर आठवड्याला एक. कधी माझा सोमवार चुकला तर पुढच्या आठवड्यात दोन. माय दाराशी वाट बघत असायची. आबा जवळपास नाहीत असं बघून विचारायची, "आला व्हता का गं?"

"आला होता."

"बरं हाय म्हणजे," एवढं म्हणून ती कामाला लागायची. हरी आमच्यात येत नव्हता, पण आठवड्यातून एकदा कुठून तरी आम्हाला बघून जात होता, यावर आम्ही दोघी जगलो. मी ती गोष्ट शफीभाईंनाही बोलले नाही. बोललं की मोडेल असं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षानंतर मला त्यात आनंद वगैरे होत नव्हता. आकडा वाढलेला दिसला की मी यंत्र बंद करायची. गॅस बंद केला का ते बघून यावं, तसं.

वर्षं गेली. मी शिकले, एका कार्यालयात टायपिंगच्या कामाला लागले, लग्नाचं कुणी काढलं की साइटच्या खोलीत पाहुणे कसे बोलवायचे म्हणून तो विषय मीच मागं टाकायची. पाऊस कधी पडायचा, कधी पाठ फिरवायचा. पिशोरची आणखी घरं शहरात आली. आणि इकडं ती फुकटची जागा हळूहळू ओस पडत गेली. कंपनी कुणा मोठ्या कंपनीनं घेतली. नव्या मालकानं मोहल्ले काढून टाकले, घरांचे नंबर गेले. मग पानाच्या अंगावर जाहिराती येऊन बसायला लागल्या. बांगडीवाल्याचं पान बंद. पोरांचे गुलाब फुटके चौकोन होऊन राहिले, कारण ती पोरं दुसरीकडं गेली होती, जिथं मित्र जोडता यायचे. शफीभाईंची पाच यंत्रं दोनवर आली आणि बाकी जागेत झेरॉक्सचं मशीन. त्यांनी फोनची जुनी लाइनही काढून टाकली, तेव्हा मला पहिल्यांदा घाबरल्यासारखं झालं. म्हणजे आता हरीकडं त्या पानाशिवाय आमचा काहीच धागा नव्हता.

मग नोटीस आली. इंग्रजीत, चार ओळी, फार सभ्य. अमुक दिवशी सगळी पानं कायमची बंद होतील, आपलं सामान हलवून घ्यावं. मी ती कार्यालयात वाचली आणि तीनदा वाचली. सामान हलवण्यात आमच्याइतकं तरबेज कोण. मी दुसरीकडं जागा घेतली, फोटो नेला, हिरवा रंग नेला. आणि जुन्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं की आम्ही इथून तिकडं गेलोय, आणि तिकडची खूण दिली. मला वाटलं, झालं काम. तीन दगड मांडले. जागा सोडली तरी जमीन जागेवर राहते, त्यावरची खूण राहते, मागाहून येणारा ती बघतो, हे माझ्या रक्तातच इतकं होतं की नोटिशीत काय लिहिलंय ते मला वाचूनही कळलं नव्हतं. ठरलेल्या दिवसानंतर मी जुनं पान उघडलं. दगडही नव्हते, जमीनही नव्हती. पांढरा पडदा आणि त्यावर एक ओळ, की असं काही इथं नाही. मी बराच वेळ बघत बसले. मला काही वाटलं नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, बरं नाही का, तर मी म्हटलं, नेट गेलंय.

पुढच्या रविवारी मी साइटवर कपडे धूत होते. आबा बाहेरून आले. मोटर गेल्यापासून ते साइट सोडून कुठं जात नसत. फक्त रविवारी, मायला गेटाशी बसवून, गुलमंडीत तंबाखू आणायला जायचे. तंबाखू साइटजवळही मिळायची, पण म्हातारपणी माणसाला एखाद्या दुकानाचीच सवय लागते, असं मी धरून चालले होते. ते आले आणि माझ्याजवळ दगडावर बसले.

"मंगल, ते पान गेलं व्हय?"

मी म्हटलं, "कोणतं पान?"

"हरीचं. शफी लावून ऱ्हायला, तर येईनाच."

माझे हात फेसात होते. मी ते काढले नाहीत. आबांना वाचता येत नव्हतं. पण फोटोतलं पोरगं ओळखता येत होतं आणि आकडा ओळखता येत होता.

"तुम्ही कधीपासून बघताय, आबा?"

"तो गेला तवापासून. दर आइतवारी. शफीला म्हणलं, पोरीला सांगू नको." मग म्हणाले, "आकडा वाढायचा. शफी सांगायचा, दो बार किसी ने देखा. म्हणजे पोरगं बघतंय, असं म्हणायचो."

सोमवारचा एक माझा, रविवारचा एक त्यांचा. ते माझ्या भेटीला हरी समजत होते आणि मी त्यांच्या. आम्ही दोघांनी ती वजाबाकी पुरी केली नाही. पण दोघांनाही ती येत होती. नळ चालू होता, बादली भरून वाहत होती, आणि दुष्काळात वाढलेल्या आम्हा दोघांपैकी कुणी उठून तो बंद केला नाही.

तेव्हा मी बोलले. इतक्या वर्षांनी, पाटावर बसून, कपड्यांकडं बघत. "आबा, त्या दिवशी हरी झोपला नव्हता. मी नेलं होतं त्याला. गुलमंडीत. माझ्या कामासाठी."

"माहीत हाय," आबा म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"शफीनं. पहिल्याच आइतवारी, हरीला हुडकत गेलो तवा. म्हणला, उस दिन तो दोनों इधरीच थे."

"मग मला बोलला कामून नाय?"

आबांनी पुडीतली तंबाखू हातावर घेतली आणि मळत राहिले. "एकाला बोललो, तर ते गेलं," ते म्हणाले. "तुला बोललो असतो, तर तू बी गेली असती."

मला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. छातीत काहीतरी जड, थंड बसलं होतं, ओल्या गोणपाटासारखं, ते तसंच बसून राहिलं. ते अजूनही तिथंच आहे. आबांनी तंबाखू तोंडात टाकली, उठून नळ बंद केला आणि पुन्हा येऊन बसले.

"दुसरीकडं जागा घेतली म्हणे तू. शफी सांगत व्हता."

"घेतली. पण त्याला ती माहीत नाही."

"असू दे. तिथं लिवता येतं ना?"

"येतं."

"मंग लिव. मोटर सापडली म्हणाव."

मी त्यांच्याकडं बघितलं. "आबा, मोटर कुठं सापडली?"

"तू लिव," ते म्हणाले.

मी लिहिलं. एव्हाना मराठी अक्षरं सगळ्या यंत्रांवर नीट दिसायला लागली होती, म्हणून त्या पानावरची ती पहिली मराठी अक्षरातली ओळ. हरी, मोटर सापडली. खाली पत्ता टाकला. त्यानंतर आबा आणखी चार इमारती राखून गेले. आता माय आणि मी याच शहराच्या सातारा परिसरात दोन खोल्यांत राहतो. घर आमचं आहे, पत्ता बदलत नाही, कुठल्याही फॉर्मवर मी तो न थांबता लिहिते. पानाची नवी जागा फुकट नाही, तिचं भाडं मी दरवर्षी आठवणीनं भरते. शफीभाईंच्या कॅफेच्या जागी साड्यांचं गोदाम झालंय. हरीचा फोन पुन्हा आला नाही, आणि तो कुठं आहे ते आम्हाला माहीत नाही. माय अजून एखाद्या सोमवारी विचारते, आणि मी पान उघडून तिला फोटो दाखवते. सगळ्यात वर ती ओळ आहे. तळाला आकडा मात्र मी लावलेला नाही.